आत्याची राष्ट्रीय समिती

माझ्या आत्याला विज्ञानातलं काही कळत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची. तरी तिनं तेहेतीस वर्षं राष्ट्रीय विज्ञान मंडळात नोकरी केली. पहिली दोन टंकलेखन विभागात, उरलेली सगळी 'आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्षा'त. कक्षाचं नाव एवढं लांब की पाटी दाराच्या चौकटीच्या दोन बोटं बाहेर आली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला लागायची. आत मात्र एकच खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि खिडकीच्या वरच्या फटीत बिऱ्हाड केलेली कबुतरं. दुसऱ्या टेबलावरचा माणूस बदली होऊन गेला तो गेलाच. त्याच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून आत्या त्या टेबलावर जेवणाचा डबा ठेवायची.

"तू तिथे दिवसभर करतेस तरी काय गं?" असं घरात कुणी विचारलं की ती म्हणायची, "लग्नं जुळवते."

आणि ते फारसं खोटं नव्हतं. जगात शास्त्रज्ञांचे मोठमोठे संघ असतात. भूकंपांचा वेगळा, किड्यांचा वेगळा, हवामानाचा वेगळा. हे संघ सुट्या माणसाशी बोलत नाहीत, देशाशी बोलतात. देशानं एक मंडळ नेमायचं, मंडळानं विषयवार समित्या करायच्या, आणि संघाचं पत्र आलं की समितीनं आपल्याकडचा योग्य माणूस हुडकून द्यायचा. कागदावर ही व्यवस्था फार गोजिरवाणी दिसते. "पण पोस्टमन ते पत्र देशाच्या हातात कसं देणार?" आत्या म्हणायची. "तो माझ्या टेबलावर टाकतो."

पुढे ई-मेल आले. आत्या त्यांच्याही छापील प्रती काढून आवक नोंदवहीत चढवायची. मग उत्तरासाठी माणूस शोधायचा. समित्यांच्या यादीत प्रत्येक विषयाला नऊ नावं असत, पण त्यांतले काही परदेशी स्थायिक झालेले, काही निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेले, आणि काही तर वारलेले. वारलेल्यांना यादीतून काढायला समितीची बैठक लागते आणि बैठकीला जिवंत सभासद लागतात, त्यामुळे ते यादीतच राहिले होते. म्हणून आत्यानं स्वतःची सोय केली होती. कपाटाच्या खालच्या खणात तिची कार्डं होती. देशात कुठे कोण काय करतं, ते तिच्या शब्दांत. "गोगलगायी. डोंगराकडचं कॉलेज. उत्तर उशिरा, पण येतं." "जुनी हाडं. विद्यापीठ. फोन करू नये, फार बोलतात." "वटवाघळं. दोघे भाऊ. थोरल्याला विचारावं."

नवे संचालक आले तेव्हा त्यांनी हा खण बघितला आणि हसून म्हणाले, "बाई, हा काय किराणा दुकानाचा खण आहे का?" त्यांनी मग देशातल्या सगळ्या शास्त्रज्ञांची माहिती संगणकात भरून घेतली. दोन वर्षं ते काम चाललं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते पत्र आलं. हवामानशास्त्राच्या संघानं दव मोजायची एक योजना काढली होती. कोरड्या प्रदेशांत रात्री किती दव पडतं, ते वाढतंय की घटतंय, हे बऱ्याच देशांत एकाच पद्धतीनं मोजायचं. त्यासाठी प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय समितीनं एक निरीक्षक सुचवावा. अट एवढीच, की त्याच्याकडे निदान दहा वर्षांच्या सलग नोंदी हव्यात. उत्तर सहा आठवड्यांत हवं होतं.

संचालकांनी संगणकात शोध घेतला. "दव" टाकल्यावर एकशे चौदा दवाखाने आले.

"आपल्याकडे असलं काही नाही," ते म्हणाले. "दव काय मोजायचं? निरंक कळवून टाका."

"दोन दिवस द्या साहेब," आत्या म्हणाली.

तिनं खण उघडला. कार्ड सापडायला वेळ लागला नाही. "दव. गच्ची. फाट्याजवळच्या गावातलं कॉलेज. अक्षर वाईट." आणि त्याखाली लाल पेनानं: "आपण उत्तर दिलेलं नाही."

चौदा वर्षांपूर्वी त्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका शिक्षकानं मंडळाला पत्र लिहिलं होतं. मी गेली आठ वर्षं दव मोजतो आहे, जगात आणखी कुठे कुणी मोजत असेल तर कृपया कळवावं, मला माझे आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे आहेत. आत्यानं पोच पाठवली होती: आपले पत्र योग्य त्या समितीकडे पाठविण्यात आले आहे. ते समितीकडे गेलंही होतं. समितीनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

आत्यानं कॉलेजात फोन केला. दोन दिवस नुसता वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि बसमध्ये बसली. आतोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात बघत होते. "दव मोजणारा माणूस बघायला चार तास बसनं जातेस?" ते मान वर न करता म्हणाले. "बघून ये. वेडा असला तर मलाही दाखव."

तिला कोण हवंय ते कॉलेजच्या शिपायानं लगेच ओळखलं. "दववाले सर ना? घरी झोपले असतील. आमच्या इथे उलटं आहे बघा. दुपारच्या तासाला पोरं जागी असतात आणि सर पेंगतात."

घर कॉलेजच्या मागेच होतं. पुढच्या खोलीत चार शिवणयंत्रं मांडलेली. सरांच्या बायकोचा, वहिनींचा, शिवणक्लास चालायचा. त्यांनी आत्याला पाणी दिलं, कुठून आल्या ते विचारलं आणि आत हाक मारली, "अहो, उठा. सरकार आलंय."

सर आले. पंचावन्नच्या आसपासचे, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आत्यानं योजनेचं पत्र समोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उठून कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्या पत्राशेजारी ठेवला. ती चौदा वर्षांपूर्वीची पोच होती.

"सही तुमची आहे ना?"

"माझी आहे," आत्या म्हणाली.

"योग्य ती समिती काय म्हणाली मग?"

"समितीतले चौघे वारले," आत्या म्हणाली. "तिघे देश सोडून गेले. उरले ते दोघे, त्यांच्यातून विस्तव जात नाही."

"आणि मी इथे चौदा वर्षं पोस्टमनची वाट बघतोय!" सरांचा आवाज चढला. "मला काही नको होतं हो. पदवी नको, पुरस्कार नको. नुसतं 'हो, अमुक ठिकाणी एक जण आहे' एवढं कळलं असतं तरी चाललं असतं. इथे लोक मला हसतात. प्राचार्य म्हणतात, गच्ची मोकळी करा, टाकी बसवायचीय. आणि आता तुम्हाला गरज पडली म्हणून आलात! नाही देणार मी वह्या."

ते ताडताड आत निघून गेले. शिवणक्लासच्या पोरींनी यंत्रं थांबवली होती. वहिनींनी नुसतं बघितल्यावर ती परत सुरू झाली.

"रागावू नका," वहिनी आत्याला म्हणाल्या. "झोपेतून उठवलं की असे करतात."

"रागावले नाही. त्यांचं बरोबर आहे. मी तेव्हा दुसरं पत्र लिहायला हवं होतं. समितीला दहा स्मरणपत्रं पाठवली असती तर एखादं लागलं असतं. मी एकच पाठवलं."

वहिनींनी तिच्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "बायकांचे नवरे रात्री उशिरा घरी येतात, त्यांना तक्रार करायला जागा असते. माझा पहाटे चारला निघून जातो. कुणाकडे करू? बावीस वर्षं झाली. चला, वह्या दाखवते."

त्या आत्याला मागच्या जिन्यानं कॉलेजच्या गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे काचेची सहा चौकोनी तावदानं विटांवर ठेवलेली, कोपऱ्यात पत्र्याची छोटी खोली, तिच्यात काचेच्या पेटीतला नाजूक तराजू. पद्धत साधी होती. सूर्य उगवायच्या आत टिपकागदानं काच पुसायची. कागद आधी कोरडा तोलायचा, मग ओला. जास्तीचं वजन म्हणजे दव. फळीवर बावीस वह्या ओळीनं लावलेल्या. आत्यानं एक उघडली. सरांचं अक्षर खरंच वाईट होतं. मध्येच एका वहीत मात्र चाळीस दिवस मोत्यासारखं अक्षर लागलं.

"हे कुणाचं?"

"माझं. ह्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य काय, तर 'काच पुसलीस का?' मी म्हटलं, तुमच्या चष्म्याची पण आणि गच्चीवरची पण."

आत्या हसली ती खाली येईपर्यंत हसत होती. खाली सर दारात उभे होते. बायकोच्या हातात बावीस वह्यांची चळत बघून त्यांनी तोंड उघडलं, पण वहिनींनीच आधी ठणकावलं, "चौदा वर्षांनी का होईना, बाई स्वतः चालत आल्यात. तुमच्या पत्राला दुसऱ्या कुणाचं उत्तर आलंय का आजवर? मग आता फुगून बसू नका. चहा घ्या आणि तो फॉर्म भरा."

सरांनी फॉर्म भरला. वाचता यावा म्हणून वहिनींनी तो पुन्हा लिहून काढला.

आता अडचण वेगळीच निघाली. फॉर्मच्या तळाशी राष्ट्रीय समितीच्या सचिवाची सही हवी होती. सचिव नेमायला बैठक हवी, बैठकीला तीन सभासद हवेत. देशात जिवंत सभासद दोन. नियमांचं पुस्तक चाळताना आत्याला सापडलं की शेजारच्या विषयाच्या समितीतला एक सभासद 'निमंत्रित' म्हणून धरता येतो. माती-समितीतल्या एक प्राध्यापिका होत्या, मातीवाल्या बाई. त्या फोनवर म्हणाल्या, "येते, पण मला बाराची गाडी आहे. भांडण असेल तर आधीच सांगा, पुढची गाडी धरते."

भांडण होतंच. उरलेले दोघे सभासद म्हणजे ढगवाले आणि वारेवाले. दोघेही सत्तरी ओलांडलेले. वीस वर्षांपूर्वी संघाच्या एका परिषदेला ढगवाले जायचे होते, ते आजारी पडले म्हणून वारेवाले गेले आणि तिथे भाषणात म्हणाले, "ढग काय, वारा नेईल तिकडे जातात." झालं. तेव्हापासून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते. आत्यानं दोघांना वेगवेगळा फोन केला. ढगवाल्यांना म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तर वारेवाले एकटेच ठरवतील." वारेवाल्यांना म्हणाली, "तुम्ही आला नाहीत तर ढगवाले एकटेच ठरवतील." दोघेही दहाला पाच कमी असताना हजर.

पण एका खोलीत बसायला दोघेही तयार होईनात. शेवटी ढगवाल्यांना आत्याच्या खोलीत बसवलं, वारेवाल्यांना शेजारच्या नोंदणी कक्षात, मधलं दार उघडं ठेवलं आणि मातीवाल्या बाई उंबरठ्यावर खुर्ची टाकून बसल्या.

"त्यांना सांगा," ढगवाले दारातून दिसू नये अशा बेतानं बसून म्हणाले, "दवाचा संबंध ढगांशी आहे. आकाशात ढग असले तर दव पडत नाही. तेव्हा सचिव मी."

"ऐकू आलं," पलीकडून आवाज आला. "त्यांना सांगा, वारा असला तरीही पडत नाही. सचिव मी."

"म्हणजे दव न पडायला तुम्ही दोघे जबाबदार," मातीवाल्या बाई म्हणाल्या. "आणि पडतं कुठे? मातीवर. पण मला सचिव व्हायचं नाही. साडेदहा झाले."

अकरा वाजले तरी गाडं तिथेच. ढगवाले म्हणत, वारेवाले सोडून कुणीही चालेल. वारेवाले म्हणत, ढगवाले सोडून कुणीही. सव्वाअकराला मातीवाल्या बाईंनी नियमांचं पुस्तक आत्याच्या हातून ओढून घेतलं. "कलम चौदा. 'समिती योग्य वाटेल त्या व्यक्तीस प्रभारी सचिव नेमू शकेल.' व्यक्तीस म्हटलंय, शास्त्रज्ञास नाही. ह्या बाई व्यक्ती आहेत का?"

"आहेत," दोन्ही खोल्यांतून एकदम उत्तर आलं. वीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते कळल्यावर दोघेही जरा ओशाळले.

अशी माझी आत्या राष्ट्रीय हवामान समितीची प्रभारी सचिव झाली. इतिवृत्त तिनंच लिहिलं. "चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात दोन कक्षांत पार पडली."

संचालकांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, तुम्ही लिपिक आहात!"

"हो साहेब. प्रभारी आहे फक्त. तुम्ही दुसरी बैठक बोलवा, मी लगेच पद सोडते."

संचालकांनी ढगवाल्यांना फोन केला, मग वारेवाल्यांना. दोन्ही फोन मिळून पावणेदोन तास चालले. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या बैठकीचं नाव काढलं नाही.

फॉर्म गेला. तीन महिन्यांनी संघाचं उत्तर आलं: इतक्या लांबच्या नोंदी फार थोड्या देशांकडे आहेत, योजनेच्या प्रमुख, एक परदेशी शास्त्रज्ञ बाई, स्वतः जागा पाहायला येत आहेत. पत्राच्या सुरुवातीला आत्याला 'आदरणीय प्राध्यापक' असं संबोधलं होतं. आत्यानं त्याची प्रत आतोबांना दाखवली. "मी मात्र तुला 'अगं'च म्हणणार," आतोबा म्हणाले.

आता संचालकांना दवात रस उत्पन्न झाला. त्यांनी सभागृह ठरवलं, पाहुण्या बाईंच्या स्वागताचा फलक करून घेतला, आपल्या भाषणाला 'थेंबाथेंबातून राष्ट्र' असं नाव दिलं. पाहुण्या बाईंनी मात्र आल्या आल्या सांगितलं की सभागृह वगैरे नंतर, आधी गच्ची. मग काय, तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला संचालक कोट घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, कॉलेजच्या गच्चीवर उभे. मागे आत्या आणि वहिनी, शेजारी प्राचार्य. टाकीचा विषय त्यांनी काढला नव्हता.

आणि दव पडलंच नाही. रात्रभर आकाश भरून आलेलं. सहाच्या सहा काचा कोरड्या ठणठणीत.

"काय हो सर?" संचालक कुजबुजले. "थोडंसं तरी?"

सरांनी वही उघडली, तारीख लिहिली, पुढे शून्य लिहिलं.

दुसऱ्या पहाटे ढग नव्हते, पण वारा सुटला. काचा पुन्हा कोरड्या. संचालकांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "अहो, पाहुण्या परवा परत चालल्यात. एवढ्या लांबून आल्यात बिचाऱ्या. किंचित पाणी शिंपडलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला," सर म्हणाले, आणि दुसरं शून्य लिहिलं.

पाहुण्या बाईंना हा संवाद कळला नाही, पण शून्य कळलं. त्यांनी वही मागितली. मग मागची मागितली, मग त्याच्या मागची. पत्र्याच्या खोलीत जमिनीवर बसून त्या दोन तास पानं उलटत होत्या. शून्य, शून्य, एवढंसं, शून्य. शेवटी त्या उठल्या आणि सरांचा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. सरांचाही.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

सरांनी वही परत फळीवर लावली. "म्हणाल्या, पुष्कळ ठिकाणच्या वह्या बघितल्या. लोकांना रिकामा दिवस लिहायची लाज वाटते, काहीतरी भरून ठेवतात. इथे चौथा हिस्सा शून्यं आहेत, म्हणून उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो." मग ते म्हणाले, "आणि त्यांनी विचारलं, ती चाळीस दिवसांची सगळ्यांत नेटकी मोजणी कुणाची आहे."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आत्याच्या मते त्या रडत होत्या. वहिनींच्या मते थंडी होती.

योजनेत जागा पक्की झाली. नवी उपकरणं आली, जुन्या काचाही राहिल्या. वर्षभरानं संघानं सगळ्या देशांची बैठक बोलावली: प्रत्येक देशाचा एक निरीक्षक आणि राष्ट्रीय समितीचा सचिव. संचालकांनी सुचवून पाहिलं की सचिवाच्या जागी मंडळाचा प्रमुख गेला तर जास्त शोभेल. संघानं कळवलं की प्रमुखांचं स्वागतच आहे, मात्र सचिवांच्या जागी नाही. आणि जागा एकही वाढवता येणार नाही. मग संचालक मूग गिळून बसले.

सरांनी तर जायचंच नाकारलं. "मी गेलो तर दव कोण मोजणार?"

"मी मोजीन की," वहिनी म्हणाल्या.

सर बोटांवर दिवस मोजायला लागले. "एक आठवडा? मला तिकडे झोप लागायची नाही. तूच जा. आकडे तुला माझ्यापेक्षा पाठ आहेत."

अशा रीतीनं शिवणक्लासच्या वहिनी आणि आमची आत्या, दोघी पहिल्यांदा विमानात बसल्या. आत्यानं एकतीस वर्षांत शेकडो शास्त्रज्ञांची प्रवासाची पत्रं टंकली होती, स्वतः ती राजधानीबाहेर बसनं जेवढी गेली तेवढीच. विमान हललं तसा वहिनींनी तिचा हात धरला, तो उतरल्यावरच सोडला. आत्याच्या बोटांवर वळ उठले होते.

बैठकीत वहिनींनी आपल्या नोंदी मांडल्या. बोलायच्या आपल्या भाषेत, आणि आत्या भाषांतर करायची. आता आत्याला ती परकी भाषा येत होती ती फक्त पत्रांची. त्यामुळे वहिनी म्हणाल्या, "आम्ही पहाटे उठतो," की आत्या सांगायची, "सादर कळविण्यात येते की निरीक्षक सूर्योदयापूर्वी उपस्थित असतात." लोक आधी चकित झाले, मग त्यांना ते आवडायला लागलं. मागच्या रांगेतून एका गंभीर गृहस्थांनी विचारलं, हातानं टिपकागद दाबण्याच्या पद्धतीत चूक किती राहते?

वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातून थोडी. ह्यांच्या हातून जास्त. ते काच घासतात, मी टिपते. शिवणातलं कापड आणि काचेवरचं दव, दोन्ही ओढायचं नसतं."

आत्यानं उभं राहून सांगितलं, "आपल्या प्रश्नाच्या अनुषंगाने असे नमूद करण्यात येते की निरीक्षकांची चूक त्यांच्या पतीपेक्षा कमी आहे. सदर बाब पतीस अद्याप कळविलेली नाही."

सभागृह हसलं, पण गंभीर गृहस्थ हसले नाहीत. ते पुढे आले, वहिनींना टिपकागद कसा धरतात ते करून दाखवायला सांगितलं, आणि तीनदा बघून घेतलं. योजनेच्या पुस्तिकेत आज जी पद्धत छापली आहे, त्यात 'घासू नये, टिपावे' हे वाक्य आहे.

आत्याची खरी मजा मात्र सचिवांच्या बैठकीत झाली. ती भीत भीत गेली होती. सगळे मोठे प्राध्यापक असतील आणि आपण तोंड उघडलं की हसं होईल अशी तिची समजूत. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते, कुठल्याशा डोंगराळ देशाचे सचिव. त्यांनी पिशवीतून रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. आत्या बघतच राहिली. खुणांनी आणि पत्रांच्या भाषेत चौकशी केल्यावर कळलं की तेही लिपिक. त्यांच्या समितीतही दोन जण बोलत नव्हते. पुलावरून भांडण होतं, कसल्या पुलावरून ते आत्याला शेवटपर्यंत समजलं नाही. पलीकडच्या बाई एका बेटावरच्या देशाच्या होत्या, आणि त्या आपल्या देशाच्या सात समित्यांच्या एकट्याच सचिव होत्या. दुपारपर्यंत असे अकरा जण निघाले. चहाच्या सुट्टीत ते एका कोपऱ्यात जमले आणि त्यांच्यात जे हसणं-खिदळणं चाललं, ते ऐकून प्राध्यापक लोक वळून वळून बघायला लागले.

परत आल्यावर विमानतळावर सर घ्यायला आले होते. बायकोची पिशवी हातात घेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे दव कसं होतं?"

"कुणी बघितलंय?" वहिनी म्हणाल्या. "सात दिवस मी आठपर्यंत झोपले."

आत्या दोन वर्षांनी निवृत्त झाली. समितीत नवे पाच सभासद आले आहेत, सचिव म्हणून मातीवाल्या बाईंची एक विद्यार्थिनी काम बघते, आणि तिला अधूनमधून आत्याचा फोन जातो. ढगवाले मागच्या वर्षी गेले. वारेवाले अंत्यदर्शनाला आले होते, आणि शेवटपर्यंत थांबले. मग आत्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, मी तेव्हा भाषणात ते वाक्य बोलायला नको होतं. ढग चांगला होता हो." आत्यानं त्यांना रिक्षेत बसवून दिलं.

फाट्याजवळच्या कॉलेजनं टाकी दुसऱ्या इमारतीवर बसवली. सर आता निवृत्त आहेत, तरी गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच असते. मी मध्ये एकदा आत्याबरोबर त्यांच्याकडे मुक्कामाला गेले होते. पहाटे उठून वर गेले तर दोघं नवराबायको तीन-तीन काचा वाटून घेऊन बसली होती, आणि वहिनी म्हणत होत्या, "टिपा हो, घासू नका."